फॉरमॅट मारूनही खातं पुन्हा का गेलं? घरचा कॉम्प्युटर आणि स्पायवेअर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एकच कॉम्प्युटर, विंडोज १०, पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस. बारावीतल्या मुलानं एका गेमसाठी काहीतरी डाउनलोड केलं. दोन दिवसांत त्याचं इन्स्टाग्राम गेलं, पाठोपाठ वडिलांच्या जीमेलमध्ये कुणीतरी शिरलं. पासवर्ड बदलला, ओळखीच्या माणसाकडून कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतला, आणि आठवड्याभरात जीमेल पुन्हा हातचं गेलं. "स्पायवेअर अजून आत आहे का? अँटिव्हायरस बदलू का? आणि हे ओळखायचं कसं?"

घरचे आणि छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हेच माझं काम आहे, आणि तुमच्यासारखी केस हल्ली सर्रास दिसते. तर आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर: स्पायवेअर, म्हणजे आपल्या नकळत माहिती टिपून चोरणारा प्रोग्रॅम, बहुधा आता आत नाही. ते मुक्कामाला आलंच नव्हतं. मुलानं फाइल उघडल्यावर मिनिटभरात जे न्यायचं ते नेऊन ते मोकळं झालं असणार. फॉरमॅटनं तुमचा कॉम्प्युटर पुसला गेला, पण चोरलेला माल चोराकडे होता आणि तो अजून चालत होता. म्हणून क्रम उलटा करावा लागतो: आधी चोरीला गेलेलं सगळं निकामी करायचं, कॉम्प्युटरकडे नंतर बघायचं.

स्पायवेअर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर अजून २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांतलं चित्र असतं. ब्राउझरच्या डोक्यावर चार-चार टूलबार, आपोआप बदललेलं होमपेज, उघडेल तिथे जाहिरात, रडतखडत चालणारं मशीन. गेटर, कूलवेबसर्च ही त्या काळातली नावं. ती पिल्लं कॉम्प्युटरमध्येच घर करून राहत, तुम्ही काय बघता ते टिपत आणि त्यावर जाहिराती दाखवून पैसे कमवत. मशीन हळू झालं म्हणजे 'काहीतरी शिरलं' हा आपला ठोकताळा तेव्हाचा आहे. आजचं स्पायवेअर मशीन हळू करत नाही, कारण त्याला थांबायचंच नसतं. रेडलाइन, व्हिडार, लुमा अशी त्यांची नावं. या जातीला इन्फोस्टीलर, म्हणजे माहितीचोर, किंवा नुसतं स्टीलर म्हणतात. ते बनवणारे वेगळे, महिन्याच्या भाड्यानं घेऊन पसरवणारे वेगळे आणि चोरलेला माल विकत घेणारे तिसरेच. मायक्रोसॉफ्टनं मे २०२५ मध्ये कोर्टाचा आदेश घेऊन लुमाची सुमारे २,३०० डोमेन (इंटरनेटवरचे पत्ते) बंद पाडली. त्याआधीच्या दोनच महिन्यांत, १६ मार्च ते १६ मे, जगभरात ३,९४,००० हून जास्त विंडोज कॉम्प्युटरांना लुमाची लागण झाल्याचं त्यांनी सांगितलं होतं. रेडलाइनवर ऑक्टोबर २०२४ मध्ये डच पोलिसांच्या पुढाकारानं कारवाई झाली. धंदा त्यानं संपला नाही. लुमानंच काही आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढलं.

त्या मिनिटभरात नेमकं काय होतं, ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा बंदोबस्त त्यावरच ठरतो. क्रोमच्या 'पासवर्ड सेव्ह करायचा का?' या प्रश्नाला आपण हो म्हणतो, तेव्हा तो पासवर्ड तुमच्या विंडोज युजरच्या फोल्डरमध्ये 'लॉगिन डेटा' नावाच्या छोट्याशा डेटाबेस फाइलमध्ये जाऊन बसतो. तो सांकेतिक रूपात असतो हे खरं, पण तो उलगडायचं साधन विंडोजकडे असतं. आणि वर्षानुवर्षं नियम असा होता की त्याच युजरच्या नावानं चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमनं मागितलं, तर विंडोज ते उलगडून देतं. मुलानं उघडलेला प्रोग्रॅम त्याच युजरच्या नावानं चालत होता. ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागणारी खिडकी स्क्रीनवर यायचं कारणच नाही. गूगलनं जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या १२७व्या आवृत्तीत कुकीजना (ब्राउझरमध्ये राहणाऱ्या लॉगिनच्या खुणा, त्यांबद्दल पुढे सांगते) जादा संरक्षण दिलं. चोरांनी काही आठवड्यांतच त्यातूनही वाट काढली.

पासवर्डबरोबर आणखी पुष्कळ काही जातं: फॉर्ममध्ये आपोआप भरले जाणारे पत्ते आणि कार्ड नंबर, टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपचं फोल्डर, क्रिप्टोची वॉलेट, त्या क्षणाच्या स्क्रीनचा फोटो, आणि डेस्कटॉप व डॉक्युमेंट्समधल्या ज्या फाइलींच्या नावात 'पासवर्ड' किंवा 'बँक' आहे त्या सगळ्या. आपल्याकडे घरोघरी डेस्कटॉपवर एक एक्सेलची फाइल असते, तीत सगळ्या बँकांचे युजर आयडी, एलआयसीचे नंबर आणि शेजारच्या फोल्डरमध्ये आधार-पॅनचे स्कॅन. या सगळ्याचं एक झिप होतं, ते इंटरनेटवरून रवाना होतं आणि बऱ्याचदा प्रोग्रॅम स्वतःला पुसून टाकतो. त्या झिपला त्या बाजारात 'लॉग' म्हणतात आणि तो किरकोळीत विकला जातो.

यातली सगळ्यात मोलाची वस्तू पासवर्ड नव्हे, कुकी. तुम्ही जीमेलला रोज पासवर्ड टाकत नाही, कारण एकदा लॉगिन झालात की गूगल तुमच्या ब्राउझरमध्ये एक खूण ठेवतं: हा माणूस तपासून झालेला आहे. ती खूण चोरानं आपल्या ब्राउझरमध्ये बसवली की त्याला ना पासवर्ड विचारला जातो, ना मोबाइलवरचा ओटीपी. पासवर्ड बदलणं म्हणजे दाराचं कुलूप बदलणं. जो आधीच आत येऊन बसलाय त्याला कुलपाशी काय घेणंदेणं? मार्च २०२३ मध्ये लिनस टेक टिप्स या कॅनडातल्या मोठ्या यूट्यूब चॅनेलचा ताबा असाच गेला. जाहिरातीच्या प्रस्तावाची पीडीएफ म्हणून आलेली फाइल तिथल्या एकानं उघडली आणि लॉगिनच्या त्या खुणा निघून गेल्या. ती माणसं रात्रंदिवस कॉम्प्युटरबद्दलच बोलतात. त्यामुळे तुमच्या मुलाला बोल लावत बसू नका. त्याच्याकडून शांतपणे दोन गोष्टी काढून घ्या: कुठली फाइल, आणि साधारण किती वाजता. त्या वेळी त्या ब्राउझरमध्ये जी जी खाती उघडी होती ती सगळी गेली असं धरून चालायचं आहे.

आता फॉरमॅट करूनही जीमेल दुसऱ्यांदा का गेलं. मला चार शक्यता दिसतात आणि चारही मी लोकांच्या मशीनवर पाहिल्या आहेत.

पहिली, पासवर्ड बदलला पण चोराची बैठक मोडली नाही. गूगलचा पासवर्ड बदलला की बहुतेक ठिकाणचं लॉगिन तुटतं, पण सगळीकडचं तुटेलच असं नाही. इतर अनेक साइट्सवर तर 'सगळीकडून लॉग आउट' वेगळं दाबावं लागतं. दुसरी, तो आत असताना त्यानं स्वतःची सोय करून ठेवली: रिकव्हरीचा ईमेल बदलला, स्वतःचा फोन जोडला किंवा जीमेलच्या फिल्टरमध्ये एक नियम लिहून ठेवला. एका गृहस्थांच्या खात्यात मी असा फिल्टर पाहिला होता. ज्या मेलमध्ये 'सिक्युरिटी' किंवा 'पासवर्ड' शब्द असेल ते वाचलेलं म्हणून खूण करून थेट कचऱ्यात. गूगल त्यांना सावध करणारे मेल पाठवत होतं, आणि ते त्यांना कधी दिसतच नव्हते.

तिसरी शक्यता क्रोमच्या सिंकची. फॉरमॅटनंतर क्रोममध्ये पुन्हा साइन इन केलं की बुकमार्क परत येतात तशी एक्स्टेन्शनही, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, परत येतात. खोड एक्स्टेन्शनमध्ये असेल तर आपण ती स्वतःच्या हातानं पुन्हा बोलावतो.

आणि चौथी. हे थोडं कडक शब्दांत लिहिते, कारण यात माझ्याच व्यवसायातले लोक आहेत. आपल्याकडे 'फॉरमॅट' म्हणजे बहुतेकदा फक्त सी ड्राइव्ह. डी ड्राइव्हवरचं 'सेटअप' किंवा 'सॉफ्टवेअर' नावाचं फोल्डर तसंच राहतं, त्यातली ती मूळ फाइलही. त्यावर कडी म्हणजे नवं विंडोज टाकल्यावर ते 'ॲक्टिव्हेट' करायला पेनड्राइव्हवरून एक ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स न घेता विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्रॅम, चालवला जातो. तो अँटिव्हायरस बंद करूनच चालतो, आणि अशा ॲक्टिव्हेटरांच्या नावाखाली स्टीलर पसरवले जातात हे वारंवार उघड झालेलं आहे. म्हणजे साफ केलेलं मशीन तासाभरात पुन्हा घाण. तुमच्या ओळखीच्या माणसाला सरळ विचारा: विंडोज कसं ॲक्टिव्हेट केलं? बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपना तर याची गरजही नसते. विंडोजसकट आलेल्या मशीनचं लायसन्स मशीनमध्येच नोंदलेलं असतं, तीच आवृत्ती टाकली की इंटरनेटला जोडल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

आज काय करायचं ते सांगते. दुसरं उपकरण घ्या, ज्याचा या कॉम्प्युटरशी संबंध नाही असं. तुमचा फोन चालेल. सुरुवात जीमेलपासून, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. पासवर्ड बदला. मग गूगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी' पानावर 'युअर डिव्हायसेस'मध्ये जाऊन ओळखीचं-अनोळखी न बघता हातातला फोन सोडून प्रत्येक डिव्हाइस साइन आउट करा. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल तुमचेच आहेत का, ते डोळ्यांनी वाचा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये अनोळखी फोन, पासकी किंवा 'ॲप पासवर्ड' दिसला तर काढा. खात्याला जोडलेली बाहेरची ॲप्स बघा, नको ती तोडा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन्ही भाग उघडून बघा. हे मोबाइलच्या ॲपमध्ये दिसत नाहीत, तेवढ्यासाठी दुसऱ्या कुणाचा चांगला कॉम्प्युटर घ्यावा लागेल, आणि काम झालं की तिथून लॉग आउट करायला विसरू नका. मग व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तिथली सगळी लॉगिन काढा. इन्स्टाग्राम, फेसबुक, टेलिग्राम, ॲमेझॉन यांच्यातही सगळीकडून लॉग आउट करून नवा पासवर्ड. शेवटी बँका, डीमॅट, आयकराचं पोर्टल.

बँकेबद्दल थोडं थांबते. आपल्याकडे कार्डाच्या देशातल्या ऑनलाइन व्यवहाराला सहसा ओटीपी लागतो, त्यामुळे नुसत्या कॉम्प्युटरवरच्या चोरीतून खातं सहसा रिकामं होत नाही, हा मोठा आधार आहे. पण आपण सोयीसाठी तो स्वतःच पोखरतो. फोनवरचे एसएमएस कॉम्प्युटरवर दिसावेत म्हणून 'फोन लिंक' किंवा गूगल मेसेजेसचं वेब रूप जोडून ठेवतो. मग पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही एकाच स्क्रीनवर, आणि त्या स्क्रीनवर कुणाची नजर असली तर ओटीपीला अर्थ उरत नाही. ज्या घरात कॉम्प्युटर सगळे वापरतात तिथे ही जोडणी नकोच. बँकेच्या साइटवरचा माउसनं दाबायचा कीबोर्ड किल्ल्या टिपणाऱ्या साध्या कीलॉगरला चुकवतो, पण क्लिक होताच स्क्रीनचा फोटो काढणाऱ्या किंवा फॉर्म पाठवला जातानाच त्यातला मजकूर उचलणाऱ्या प्रोग्रॅमपुढे त्याचा पाड लागत नाही. ही युक्ती जुनी आहे. २००७ पासून गाजलेला झ्यूस हा बँकेची माहिती चोरणारा प्रोग्रॅम तेच करायचा.

मग कॉम्प्युटरकडे वळा. यावेळी सगळे ड्राइव्ह बघा. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून ठेवा, पण प्रोग्रॅम, सेटअप, झिप, रार यातलं काहीही सोबत नेऊ नका. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून स्वतः उतरवून, पेनड्राइव्हवर घेऊन, सगळी विभाजनं पुसून टाका. आणि शक्य असेल तर विंडोज ११. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं. ते न केलेलं मशीन उघडंच असतं.

पुन्हा फॉरमॅट करायचा नसेल आणि फक्त तपासायचं असेल, तर मी ज्या क्रमानं बघते तो सांगते. विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडायचं, आणि स्कॅनच्या आधी खाली सेटिंग्जमध्ये जाऊन 'एक्स्क्लूजन्स' बघायचं. ही यादी म्हणजे डिफेंडरला, विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, दिलेली सूचना: इथे बघू नकोस. ज्या घरात कुणी काही क्रॅक करून, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर लायसन्स तोडून फुकटात, टाकलंय तिथे या यादीत डाउनलोड्सचं फोल्डर सापडतं, कधी अख्खा सी ड्राइव्ह. असा डिफेंडर कितीही वेळा स्कॅन करून 'काही सापडलं नाही' म्हणाला तरी त्याला किंमत नाही. यादी रिकामी करा, 'टॅम्पर प्रोटेक्शन' (दुसऱ्या प्रोग्रॅमला डिफेंडर बंद करू न देणारी सोय) चालू आहे ना ते बघा, आणि मग स्कॅनच्या पर्यायांतला 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन' निवडा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांत, त्यामुळे लपून बसणाऱ्यांची पंचाईत होते. तुमचा विकतचा अँटिव्हायरस असेल तर त्यातही अशी अपवादांची यादी आणि बूट-स्कॅन असतो, तो शोधा.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं 'ऑटोरन्स'. मशीन सुरू होताना आपोआप काय काय चालतं ते सगळं ते एका यादीत दाखवतं: शेड्यूल केलेली कामं, सर्व्हिसेस, एक्सप्लोररला चिकटलेले तुकडे. ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवल्या की यादी आटोपशीर होते. जिची फाइल जागेवर नाही ती नोंद पिवळी, जिच्या प्रकाशकाची खात्री पटत नाही ती गुलाबी. गुलाबी म्हणजे गुन्हेगार असं नाही. पुष्कळ जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर गुलाबी दिसतात. पण 'ॲपडेटा' किंवा 'टेम्प' फोल्डरातून चालणारी, अर्थ न लागणाऱ्या नावाची गुलाबी नोंद दिसली की मी तिथे थांबते. पुसण्याआधी नुसती डावीकडची टिकमार्क काढा, रीस्टार्ट करा आणि काही बिघडतं का बघा.

ब्राउझरमध्ये एक खूण फार बोलकी असते. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांच्या मेनूत अगदी तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' लिहिलेलं आहे का? ऑफिसच्या लॅपटॉपवर ते असणं रीतसर आहे. घरच्या कॉम्प्युटरवर असेल तर कुठल्या तरी प्रोग्रॅमनं धोरण लादून ठेवलंय, बहुतेकदा काढता न येणारं एक्स्टेन्शन किंवा बदललेलं सर्च इंजिन. काही अँटिव्हायरसही असं करतात, तेव्हा आधी लादलेलं काय आहे ते वाचा. याउलट कोपऱ्यातून सतत येणारे 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' हे संदेश पाहून लोक घाबरून येतात, ते मात्र बहुतेक वेळा स्पायवेअर नसतं. कुठल्या तरी साइटला चुकून 'अलाउ' म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडून अनोळखी नावं काढली की संपलं. त्या संदेशातल्या बटणावर मात्र क्लिक करू नका.

आता हे येतं कुठून. तुमच्या मुलाच्या बाबतीत जवळजवळ नक्की यूट्यूबवरच्या एखाद्या व्हिडिओखालची लिंक. गेमची चीट, फोटोशॉपचा क्रॅक, टॅलीचा क्रॅक, डीटीपीवाल्यांसाठी कोरल आणि पेजमेकर. त्यातली झिप पासवर्ड लावलेली असते आणि पासवर्ड व्हिडिओखाली लिहिलेला असतो. तो तुमच्यासाठी नसून अँटिव्हायरससाठी आहे, कारण पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत त्याला बघता येत नाही. कधी आतली फाइल मुद्दाम फुगवून पाचसातशे एमबीची केलेली असते, कारण एवढ्या मोठ्या फाइली बऱ्याचदा स्कॅनमधून वगळल्या जातात. आणि सूचनांमधली पहिली ओळ हमखास: अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर चालणार नाही. पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस का कामी आला नाही याचं उत्तर त्या ओळीत आहे. म्हणूनच तो बदलून फारसं काही साधणार नाही. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे, त्याला कुणी गप्प बसवलं नाही तर.

नुसतं मराठी टाइप करता यावं म्हणून कुठलीतरी क्रॅक केलेली टायपिंगची सीडी किंवा सेटअप फिरवणारी माणसंही मला भेटतात. कृपा करून हे थांबवा. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच दिलेला आहे, फुकट. सेटिंग्जमधून भाषा म्हणून मराठी जोडा आणि तिच्या पर्यायांत 'मराठी फोनेटिक' निवडा.

२०२४ पासून एक नवा प्रकार आलाय, आणि तो कुठलीच फाइल डाउनलोड करायला लावत नाही. पान उघडलं की 'मी रोबोट नाही' ची ओळखीची चौकट, म्हणजे कॅपचा. तिच्यावर क्लिक केलं की पुढची पायरी: विंडोजची किल्ली आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. मधल्या मधे त्या पानानं तुमच्या क्लिपबोर्डवर एक पॉवरशेलचा, म्हणजे विंडोजकडून थेट काम करून घेणारा, आदेश ठेवून दिलेला असतो. 'रन'ची चौकट अरुंद; लांबलचक आदेश पेस्ट केला की फक्त त्याचं शेपूट दिसतं, आणि शेपटाला मुद्दाम 'आय ॲम नॉट अ रोबोट, व्हेरिफिकेशन आयडी' अमुक असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, बरोबरच आहे. खरा कॅपचा कधीही कीबोर्डवरच्या त्या किल्ल्या दाबायला सांगत नाही. घरात प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, हे एक वाक्य आजच सांगा.

बाकीच्या वाटा भराभर सांगते. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी जाहिरात: २०२३ च्या सुरुवातीला व्हीएलसी, ओबीएस, सेव्हन-झिप यांसारख्या फुकट आणि सज्जन सॉफ्टवेअरच्या नावानं गूगलवर खोट्या जाहिराती देऊन स्टीलर वाटले गेले. म्हणून जाहिरात रोखणारं एक्स्टेन्शन मी सुरक्षेची वस्तू मानते. अमेरिकेच्या एफबीआयनंही डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना तोच सल्ला दिला होता. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन, क्रोमवर त्याचं लाइट रूप. फाइलींची शेपटं विंडोज लपवून ठेवतं, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' नुसतं 'बिल डॉट पीडीएफ' दिसतं. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून टाका. आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन जितकी कमी तितकी बरी, कारण चांगलं एक्स्टेन्शन विकलं जाऊ शकतं. क्रोमचे न वापरलेले टॅब झोपवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' लाखो लोकांचं आवडतं होतं. २०२० मध्ये ते दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं ते मालवेअर म्हणून सगळ्यांच्या ब्राउझरमधून बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीही वेगळं केलं नव्हतं.

प्रतिष्ठित नावांवरही डोळे मिटून विसंबू नका. २०१४-१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच 'सुपरफिश' आलं होतं, जे बँकेच्या पानासारख्या सुरक्षित जोडणीतही मध्ये शिरू शकत होतं. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीची जंपशॉट नावाची उपकंपनी ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकत होती. जानेवारी २०२० मध्ये ते बाहेर आल्यावर ती बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं अव्हास्टला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले.

दुरुस्तीसाठी दुरून जोडायची साधनं हा वेगळा धोका. एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. पण फसवणूक करणाराच हवा असं नाही. तुमच्या नेहमीच्या माणसानं 'पुढच्या वेळी सोपं जाईल' म्हणून कायमचा पासवर्ड टाकून ते ठेवून दिलं असेल, तर तो पासवर्ड ज्याच्या हाती लागेल त्याला तुमचं घर उघडं. काम संपलं की तुमच्यादेखत काढून टाकायला सांगा.

घरासाठी सगळ्यात जास्त उपयोगाची गोष्ट मात्र फुकट आहे आणि जवळजवळ कुणी करत नाही: प्रत्येकाचं वेगळं विंडोज लॉगिन. वर सांगितलं तसं स्टीलर ज्या युजरच्या नावानं चालतो त्याचंच ब्राउझर वाचतो. मुलाचा 'स्टँडर्ड' युजर वेगळा असता, तर त्याचं इन्स्टाग्राम गेलं असतं पण तुमचं जीमेल त्या फाइलच्या हाताला लागलं नसतं. अट एकच: मुलाच्या स्क्रीनवर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागणारी खिडकी आली की 'काय गं कटकट' म्हणून तो टाकून द्यायचा नाही. तुमचा रोजचा युजरही स्टँडर्डच ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर तिसरा. पासवर्ड ब्राउझरऐवजी बिटवॉर्डनसारख्या स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, काम झाल्यावर तो लॉक होऊ द्या. बँकेच्या साइटवर काम झाल्यावर नुसता टॅब बंद न करता लॉग आउट करा. ती डेस्कटॉपवरची एक्सेल फाइल आजच हलवा.

एक विषय लोक दबक्या आवाजात विचारतात: हे घरातल्याच कुणी टाकलं असेल तर? नवरा, सासरचं माणूस, जुना मित्र. टिपणारी सॉफ्टवेअर उघडपणे विकत मिळतात आणि ती, इन्फोस्टीलरच्या उलट, मुक्काम ठोकून असतात. असा संशय असेल तर घाईनं काढू नका, कारण काढलं की टाकणाऱ्याला कळतं, आणि पुरावाही जातो. दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी किंवा वकिलाशी आधी बोला. संमतीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये असं काही घालणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नातं काहीही असो.

तुमचे पैसे गेलेले दिसत नाहीत, पण पुढचा महिनाभर बँकेचे आणि कार्डाचे व्यवहार रोज बघा. एक रुपयाही न कळता गेला तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन, बँकेला फोन, आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही अशा प्रकरणात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकावर येत नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतं. खाती गेल्याची तक्रार पैसे न जाताही करता येते. इन्स्टाग्राम आणि गूगलकडून आलेले 'नवीन डिव्हाइसवरून लॉगिन' हे मेल पुसू नका, त्यांवरची वेळ आणि ठिकाण यांचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा, आणि मुलाला आठवत असेल तर त्या व्हिडिओची लिंकही.